सख्खी आई, वाढवणारी आई आणि सहावं गुणसूत्र

स्वीडनच्या सरकारी दप्तरात दत्तक गेलेल्या मुलीला दोन आया असतात. एक जन्म देणारी, एक वाढवणारी. दोघींचे व्यक्तिक्रमांक मुलीच्या क्रमांकाशी जोडून ठेवलेले असतात, आणि तिघींपैकी कोणाला कॅन्सर झालाच तर त्याची नोंदही त्याच क्रमांकावर सापडते. या रुक्ष सरकारी सोयीतून १९९९ साली एका जुन्या प्रश्नाचं उत्तर निघालं. पाट्रिक मॅग्नुसन, पेर स्पारेन आणि उल्फ गिलेन्स्टेन या तिघांनी 'नेचर'मध्ये एक छोटेखानी टिपण छापलं. प्रश्न असा होता: गर्भाशयमुखाचा कॅन्सर काही घरांत पुन्हा पुन्हा दिसतो, तो रक्तामुळे की घरामुळे?

आपल्याकडे बायका याला 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात. "आईला पिशवीचा झाला होता, मला होईल का?" असं विचारणाऱ्या बाईच्या मनात दोन धास्ती एकदम असतात. एक नशिबाची, की रक्तातच असेल तर काय करणार. दुसरी उघड न बोलली जाणारी. हा रोग शरीरसंबंधातून आलेल्या विषाणूमुळे होतो हे कुठेतरी ऐकलेलं असतं, मग आईबद्दल लोक काय म्हणतील? स्वीडनचं हे प्रकरण मला म्हणूनच सविस्तर सांगावंसं वाटलं. दोन्ही धास्तींना ते उत्तर देतं, आणि ते उत्तर सरळसोट नाही.

वंशपरंपरेचा हा प्रश्न त्या काळात थोडा अवेळीच विचारला गेला होता. जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या गाठींमधून १९८३ साली एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) १६ आणि पाठोपाठ १९८४ साली एचपीव्ही १८ हे विषाणू वेगळे काढले होते. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोघांच्याच खात्यावर जातात. त्यासाठी त्यांना पुढे २००८ साली नोबेल मिळालं. म्हणजे कारण सापडलं होतं, आणि ते संसर्गाचं होतं. गोवर कोणाला झाला हे शोधायला कोणी वंशावळ काढत नाही. मग इथे कशाला?

कारण हिशेब जुळत नव्हता. एचपीव्हीची लागण शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जाते. त्यासाठी कोणी 'तसलं' असावं लागत नाही. एकच जोडीदार पुरतो. आणि दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत निघूनही जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. पाहुणा सगळ्यांकडे येतो, मुक्काम मात्र थोड्यांकडेच ठोकतो. मुक्काम लांबला तर वर्षानुवर्षांनी, कधी दहा, कधी वीस वर्षांनी, पेशी बिघडतात. विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं पेशीचे दोन राखणदार निकामी करतात: ई६ पी५३ ला संपवतं, ई७ आरबीला जखडून ठेवतं. त्यामुळे खरा प्रश्न लागण कोणाला झाली हा नसून, ती कोणाला परतवता आली नाही हा आहे. परतवण्याचं काम प्रतिकारयंत्रणेचं, आणि प्रतिकारयंत्रणेची हत्यारं आपल्याला आईबापांकडून मिळतात.

इथपर्यंत तर्क झाला. पुरावा कसा आणायचा?

आई आणि लेक दोघींना आजार झाला, म्हणून तो रक्तातून आला असं म्हणता येत नाही. दोघींची लग्नं कमी वयात झालेली असतात, बाळंतपणं जास्त झालेली असतात, घरात बिडी-सिगारेटचा धूर असतो, आणि दोघींनाही तपासायला कोणी नेलेलं नसतं. 'घराण्यातच आहे' हे आपण मधुमेहापासून चिडक्या स्वभावापर्यंत कशालाही म्हणतो, आणि त्यात रक्त किती नि सवयी किती हे वेगळं काढायच्या भानगडीत कोणी पडत नाही. वेगळं काढायचं तर अशी माणसं हवीत ज्यांचं रक्त एका घरचं आणि वाढ दुसऱ्या घरची. म्हणजे दत्तक मुली. त्याही हजारोंनी, आणि त्यांच्या दोन्ही आयांची आजारपणं लिहून ठेवलेली.

स्वीडनमध्ये हे सगळं आयतं होतं. १९४७ पासून प्रत्येक नागरिकाला व्यक्तिक्रमांक. १९५८ पासून देशभराची कॅन्सर नोंदवही, ज्यात डॉक्टरांनी नोंद करणं सक्तीचं. आणि १९३२ पासून जन्मलेल्यांना त्यांच्या आईबापांशी जोडणारी बहुपिढी नोंदवही, जिच्यात जन्मदाते आणि दत्तक घेणारे असे दोन्ही रकाने. आपल्याकडे दत्तक प्रकरणात जन्मदात्रीची ओळख गोपनीय ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे असा अभ्यास इथे करायचा म्हटलं तर पहिल्याच पायरीवर अडतो.

निष्कर्ष असा निघाला. आजारी बायकांच्या सख्ख्या आयांमध्ये गर्भाशयमुखाच्या गाठींचं प्रमाण इतर बायकांच्या आयांच्या तुलनेत १.८३ पट होतं. सख्ख्या बहिणींमध्ये १.९३ पट. दत्तक नात्यांमध्ये मात्र अशी दखलपात्र वाढ दिसली नाही. ज्या आईने मुलीला भरवलं, शाळेत घातलं, आपल्या चालीरीती शिकवल्या, तिच्याकडून हा धोका मुलीकडे आलेला दिसला नाही. जिने कदाचित तिला पुन्हा पाहिलंही नसेल, तिच्याकडून मात्र आला.

पुढच्याच वर्षी, २००० साली, याच नोंदींवरून त्यांनी धोक्यातल्या फरकाची वाटणी करून पाहिली. फरकातला सुमारे २७ टक्के भाग जनुकांचा, आणि एकत्र घरात राहण्याचा वाटा जेमतेम २ टक्के.

या २७ टक्क्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण वाचणारा इथेच घसरतो. 'तुमच्या कॅन्सरमागे २७ टक्के जनुकं' असा याचा अर्थ अजिबात नाही. कुठल्याही एका बाईबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. एका लोकसमूहात, एका काळात, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याची ती वाटणी आहे. एकाच रानात सगळीकडे सारखं पाणी दिलं, सारखं खत टाकलं, तर ज्वारीच्या ताटांच्या उंचीत जो फरक उरेल तो मुख्यतः बियाण्याचा असेल. त्याच रानाचा अर्धा तुकडा बागायती आणि अर्धा कोरडवाहू ठेवला, तर बियाणं तेच असूनही फरक पाण्याचा दिसेल. स्वीडनमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी १९६० च्या दशकातच संघटितपणे सुरू झाली होती आणि बायकांना घरी पत्र पाठवून बोलावलं जात होतं. पाणी सगळ्यांना पोचलं होतं, म्हणून बियाण्याचा फरक डोळ्यात भरला. हा २७ टक्के आकडा उचलून बीड किंवा नंदुरबारच्या बाईला लावणं म्हणजे बागायतीचा हिशेब कोरडवाहूला लावणं.

दुसरी एक मेख आहे, आणि ती बातम्यांमधून हमखास गळते. स्वीडिश नोंदवहीत पूर्ण वाढलेल्या कॅन्सरबरोबर त्याच्या आधीची पायरीही लिहिली जाते, म्हणजे 'इन सिटू', जिथे बिघडलेल्या पेशी अजून जागच्या जागीच असतात. या अभ्यासातल्या नोंदींत संख्येने त्याच जास्त. ही पायरी तपासणी केल्याशिवाय कळत नाही, कारण तिला लक्षणं नसतात. मग असाही संशय घेता येतो की ज्या घरातल्या बायका नियमित तपासणीला जातात, त्याच घरांत नोंदी जास्त सापडणार. हा आक्षेप वाजवी आहे. पण तपासणीची सवय मुलगी वाढवणाऱ्या आईकडून उचलेल ना? तिथे तर वाढ दिसली नाही. माझ्या मते आक्षेप त्यामुळे पुष्कळसा बोथट होतो, संपत मात्र नाही.

रक्त आहे हे ठरलं. रक्तात नेमकं कुठे?

संशयाची सुई आधीपासून सहाव्या गुणसूत्राकडे होती. त्याच्या आखूड भुजेवर एचएलए जनुकांची वस्ती आहे. किडनी बसवायची वेळ ज्यांच्या घरात आली त्यांना हा शब्द पाठ असतो: "एचएलए जुळलं का?" दाता आणि रुग्ण यांच्यात जे जुळवून पाहतात ते हेच. पण निसर्गाने ही जनुकं काही किडनी बसवण्यासाठी केलेली नाहीत. त्यांचं रोजचं काम वेगळं आहे. पेशीच्या आत जी प्रथिनं बनतात त्यांचे बारीक तुकडे करून ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला धरून दाखवायचे. एचएलएचा रेणू म्हणजे खोबण असलेला एक हात समजा. त्या खोबणीत आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा बसतो. हा पहिल्या वर्गाचा रेणू झाला. एचएलएच्या दुसऱ्या वर्गाच्या रेणूत थोडा लांब बसतो, आणि तो बहुतेक बाहेरून गिळलेल्या प्रथिनांचा असतो. प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी फिरत फिरत येतात आणि तो तुकडा चाचपून बघतात. घरचा असला तर पुढे जातात, परका असला तर बोभाटा करतात.

आता प्रत्येकाच्या हाताची खोबण सारखी नसते. एचएलए ही माणसाच्या जनुकसंचातली सर्वांत विविध जनुकं. कोणाच्या खोबणीत ई६ चा एखादा तुकडा चपखल बसतो, कोणाच्या हातातून तो निसटतो. निसटला की टी-पेशीला तो कळायचा नाही, आणि विषाणूचा मुक्काम वाढणार. वारशाने येणारा धोका प्रत्यक्षात दिसतो तो असा.

हे ऐकायला सुटसुटीत आहे. सापडायला मात्र वीसेक वर्षं गेली. १९९१ साली वांक आणि थॉमसेन या जर्मन संशोधकांनी 'नेचर'मध्ये जाहीर केलं की डीक्यूडब्ल्यू३ हा एचएलए प्रकार असलेल्या बायकांना हा कॅन्सर होण्याचा धोका बराच जास्त आहे. १९९२ साली त्याच नियतकालिकात, लागून असलेल्या पानांवर, दोन गटांची पत्रं आली. ब्रिटिश गटाला तसलं काही सापडलं नव्हतं, नॉर्वेच्या गटाला सापडलं होतं. १९९४ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या हिस्पॅनिक बायकांच्या अभ्यासात वेगळंच नाव पुढे आलं: डीआरबी१*१५:०१ आणि डीक्यूबी१*०६:०२ ही एचएलए प्रकारांची जोडी धोक्याची, त्यातही एचपीव्ही १६ असेल तर, आणि डीआर१३ गटातले प्रकार राखण करणारे.

एवढी मतं का? एक कारण साधं: नमुने लहान होते, शेकड्यांतच. दुसरं कारण जास्त खोल आहे. सहाव्या गुणसूत्राच्या या पट्ट्यातली जनुकं पिढ्यानपिढ्या गठ्ठ्याने पुढे सरकतात. एकत्र कुटुंबासारखं. कोणीतरी पातेल्यातलं दूध सांडलं हे कळतं, पण घरात एका वेळी आठ जण असतात आणि सगळे एकाच वाटेने बाहेर पडलेले असतात. डीआर जनुकावर ठपका ठेवावा तर शेजारी डीक्यू, त्याच्यापलीकडे आणखी कोणी. शिवाय हे गठ्ठे देशोदेशी वेगळ्या तऱ्हेने बांधलेले, त्यामुळे जर्मनीतला गुन्हेगार ब्रिटनमध्ये सापडेलच असं नाही.

हा गुंता पुष्कळसा सोडवला तो पुन्हा स्वीडनच्याच, उप्साला विद्यापीठातल्या गटाने. गिलेन्स्टेन यांच्याबरोबर दान चेन आणि इतरांनी २०१३ साली पूर्ण जनुकसंच चाळणारा अभ्यास छापला. १,०७५ रुग्ण आणि ४,०१४ निरोगी बायका. त्यात दिसलेलं पडताळायला आणखी १,१४० रुग्ण आणि १,०५८ निरोगी. इथे संशयित आधी ठरवलेला नव्हता. सगळ्या गुणसूत्रांवरच्या लाखो ठिकाणी एकेका अक्षराचा फरक पाहायचा आणि कुठे रुग्ण नि निरोगी वेगळे पडतात ते बघायचं. इतका मोठा पसारा चाळून तीन नव्या जागा वर आल्या, आणि तिन्ही त्याच सहाव्या गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यातल्या निघाल्या. पहिली डीआरबी१ आणि डीक्यूए१ यांच्या मधली, जिथला एक पर्याय धोका कमी करतो (गुणोत्तर ०.६७). दुसरी 'मिका' नावाच्या जनुकाला लागून, जिथला पर्याय धोका वाढवतो (१.४२). तिसरी डीपीबी२ या जनुकापाशी, तीही धोका वाढवणारी (१.२५). शिवाय १९९४ च्या त्या जोडीवरही शिक्कामोर्तब झालं: १५:०१ आणि ०६:०२ एकत्र असले तर धोका वाढतो.

मिकाची हकिगत मला यात सर्वांत आवडते, कारण तिथे नुसता आकडा हाती येत नाही, यंत्राचा मोडलेला दात हाती येतो.

पेशी संकटात सापडली, विषाणूने घेरली किंवा कॅन्सरच्या वाटेला लागली, की ती मिका हे प्रथिन आपल्या बाह्य पडद्यावर उभं करते. ही झेंडी. 'एनके' पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या गस्तवाल्या, ही झेंडी ओळखतात आणि त्या पेशीला तिथेच संपवतात. विषाणूला एचएलएपासून लपता आलं तरी या गस्तीतून सुटणं अवघड, म्हणून ही दुसरी फळी. आता मिका जनुकात एका जागी जीसीटी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. कोणात चार वेळा, कोणात पाच, सहा, नऊ. 'ए५.१' नावाच्या प्रकारात पाच वेळा येतात आणि मध्येच एक जादा जी घुसलेला असतो. एकच अक्षर. पण जनुक तीन-तीन अक्षरांच्या घासांनी वाचलं जातं, त्यामुळे एक अक्षर वाढलं की पुढचं सगळं वाचन एका घराने सरकतं आणि थोड्याच अंतरावर 'थांबा' असा संकेत नको तिथे तयार होतो. प्रथिन अर्ध्यात तुटतं. तुटतो तो नेमका पडद्यात रुतून राहणारा बुंधा. झेंडी तयार होते, काठी नसते.

२०१३ च्या अभ्यासात मिकाजवळची ती धोक्याची खूण आणि हा ए५.१ प्रकार कायम एकत्रच सापडत होते. आणि हा प्रकार असलेल्या बायकांमध्ये पडद्यावर बसलेलं मिका प्रत्यक्षात कमी आढळलं. सांख्यिकीतून निघालेली खूण पेशीच्या पडद्यापर्यंत नेऊन दाखवता आली, असं या क्षेत्रात फार वेळा घडत नाही.

मग करायची का प्रत्येकीची एचएलए आणि मिका तपासणी? हौशी प्रयोगशाळा उद्या असं पॅकेज काढतीलही. हिशेब करून बघा. समजा एखाद्या समाजात शंभरांतल्या एका बाईला जन्मभरात हा कॅन्सर होतो. १.४२ चा धोका म्हणजे तिथे शंभरांत एकाच्या जागी दीडसुद्धा नाही. उरलेल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव जणी ते जनुक घेऊन सुखरूप म्हाताऱ्या होतात. उलट बाजूला, जिच्याकडे धोक्याचं एकही अक्षर नाही ती बिनधास्त राहावी असंही नाही. विषाणूने मुक्काम केला तर तिलाही होतो. सख्ख्या बहिणीला झाला असताना दिसणारा दुप्पट धोकासुद्धा शंभरांत एकाचे दोन करतो. आईला किंवा बहिणीला झाला असेल तर तपासणी टाळू नका एवढं सांगायला तो पुरेसा आहे. त्याहून जास्त भार तो पेलत नाही.

आणि ही जनुकं वाईट तरी कशी म्हणायची? डीआरबी१*१५:०१ आणि डीक्यूबी१*०६:०२ ही तीच धोक्याची जोडी बाळगणाऱ्या मुलांना पहिल्या प्रकारचा मधुमेह क्वचितच होतो. तिथे ती भक्कम ढाल आहे. पण त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणा आपल्याच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते त्या आजाराचा, धोका जास्त. स्वीडननेच २००९-१० मध्ये याचा एक कटू अनुभव घेतला. स्वाइन फ्लूची पँडेमरिक्स लस दिल्यावर काही मुलांना नार्कोलेप्सी झाली, दिवसाढवळ्या झोपेचे झटके येणारा आजार, आणि ती मुलं जवळजवळ सगळी ०६:०२ बाळगणारी निघाली. एका विषाणूपुढे कमी पडणारी खोबण दुसऱ्या कशाला तरी जास्तच घट्ट धरते. म्हणून तर ही विविधता माणसात टिकून राहिली. सगळ्यांची खोबण सारखी असती तर एखादी साथ सगळ्यांनाच घेऊन गेली असती.

अपवाद आहेत, आणि ते नजरेआड करायचे नाहीत. गाटा२ जनुकातला दोष किंवा सीएक्ससीआर४ मधल्या बदलामुळे होणारा व्हिम सिंड्रोम यांसारख्या अतिदुर्मीळ जन्मजात उणिवांत एचपीव्ही अक्षरशः मोकाट सुटतो. अंगभर मस, वारंवार जंतुसंसर्ग, आणि पुढे जननमार्गाचे कॅन्सर. असं एखादं घर समोर आलं तर जनुकतपासणी सांगायलाच हवी. एचआयव्ही असलेल्या बायकांना या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो. तिथे वारशाचा संबंध नाही, पण प्रतिकारयंत्रणेची बाजू ढासळली की काय होतं ते त्यातून उघड दिसतं. सहापटीपुढे १.४२ ठेवून बघितलं की त्या आकड्याचं माप कळतं.

आता आपल्या कोरडवाहू तुकड्याकडे येऊ, कारण इथला एक अभ्यास जगभर याच विषयात नाव काढून आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये, म्हणजे 'नेचर'मधलं टिपण आलं त्याच साली, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठी चाचणी सुरू केली. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. समूहांचे चार गट पाडले: एकाला एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्याला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी मोजणी केली तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ बायकांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, आणि चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांमध्ये ६४. दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्याला पोचलेले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. बाकीच्या दोन तपासण्यांचा मृत्यूंवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. २००९ साली हे निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवलं यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. त्या ६४ जणींमधल्या काही वाचल्या असत्या. पण आकडा आता आहे, आणि तो लपवून त्यांचं काही भलं होणार नाही.

या बायकांना निवडताना कोणाची आई कशाने गेली याची अट नव्हती. वय आणि तब्येत पाहिली. एकदा बोळ्याने घेतलेला एक नमुना, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. स्वीडनमध्ये जनुकांचा वाटा मोजता आला तो अशा नमुन्यांची तीसेक वर्षांची सवय अंगवळणी पडल्यानंतर. भारतात २०२२ सालच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जातात. यातल्या कितींच्या मिकामध्ये जादा जी होता हा अभ्यासाला उत्तम प्रश्न आहे. पण आईला झाला, मावशीला झाला, मग लेकीलाही झाला अशी घरं आपल्या गावाकडे दिसतात तेव्हा आधी एवढंच विचारावं: या तिघींपैकी एकीची तरी तपासणी कधी झाली होती का?

शेवटचा धागा परत स्वीडनचाच, त्याच नोंदवह्यांचा. २०२० साली तिथल्या १० ते ३० वयाच्या १६,७२,९८३ मुली-बायकांचा अभ्यास छापून आला: ज्यांनी एचपीव्हीची लस घेतली त्यांचं काय झालं? लसीत विषाणू नसतो, त्याच्या एल१ प्रथिनाचं पोकळ कवच असतं. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या सर्व्हावॅकचंही तत्त्व हेच. त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं जवळजवळ सगळ्यांत तयार होतात, खोबण कशीही असो, आणि ती विषाणूला पेशीत शिरण्याआधीच गाठतात. पेशीत शिरलाच नाही तर तुकडे दाखवायचा प्रश्न येत नाही, झेंडी उभारायची वेळ येत नाही. लस घेतलेल्यांत १९ जणींना कॅन्सर झाला, न घेतलेल्यांत ५३८ जणींना. सतरा वर्षांच्या आत लस घेतली असेल तर धोका ८८ टक्क्यांनी कमी.

हा ८८ चा आकडा काढताना संशोधकांनी बाकीच्या गोष्टी सारख्या करून घेतल्या होत्या: वय, जिल्हा, आईबापांचं शिक्षण, घरचं उत्पन्न. त्यातच एक रकाना आईच्या आजारपणांचा होता, तिच्या गर्भाशयमुखाच्या दुखण्यासकट.